वजा जाता उरलेलं

युनिक्स ही जुनी संगणकप्रणाली, लिनक्स तिच्याच घराण्यातलं. या घराण्यातल्या कुठल्याही मशिनवर ज्या फायलीचं नाव टिंबानं सुरू होतं, ती यादीत दिसत नाही. मुद्दाम विचारलं तरच दिसते. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइकनं २०१२ साली याची गोष्ट लिहिली होती. प्रत्येक फोल्डरमध्ये दोन नोंदी आपोआप असतात. एक टिंब म्हणजे हेच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचं. यादी मागितली की या दोन नोंदी उगाच मध्ये यायच्या. त्या लपवण्यासाठी 'एलएस' या यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये एक झटपट तपासणी टाकली गेली: पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव सोडून पुढे चला. खरं तर पूर्ण नाव जुळवायला हवं होतं, पण तेवढ्यानं काम भागलं. त्या दिवसापासून टिंबानं सुरू होणारी प्रत्येकच फाइल अदृश्य झाली. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कळलं की आपापली सेटिंगं ठेवायला ही आयती अडगळीची खोली मिळाली आहे, आणि जो तो तिथं सामान टाकू लागला. पाइकच्या मते ही सरळ चूक होती. घराघरातल्या होम फोल्डरमध्ये साठलेला कचरा पाहिला तर त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

पण गंमत अशी, की लपवायच्या म्हणून जन्माला आलेल्या याच फायली आज लोक सगळ्यांत हौसेनं चव्हाट्यावर मांडतात. हा माझा डेस्कटॉप, या त्याच्या डॉटफाइल्स, म्हणजे टिंबवाल्या सेटिंगच्या फायली, घ्या, वापरा, बदला. मीही मांडल्या आहेत. डेबियन या लिनक्सच्या वितरणावर (तयार संचावर) खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम ओपनबॉक्स, टिंट-टूचा टास्कबार, मराठी मेन्यू, मराठी घड्याळ, आणि हे सगळं बारक्या मशिनवर चालेल असं. त्या मांडताना एक प्रश्न असा अडकला की त्यानं मला माझीच फाइल ओळीओळीनं वाचायला लावली: यातलं माझं नक्की काय आहे?

आधी मशिनविषयी. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप, कुठल्यातरी ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला. दोन कोर, २ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८चा पडदा, आणि कीबोर्ड असा दणकट की नवे लॅपटॉप त्याच्यासमोर पापडासारखे वाटावेत. विंडोज ११ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. त्यामुळे माझ्यासारख्या मशिनांची मोठी लाट भंगारच्या दिशेनं निघाली आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांना अजून काहीही झालेलं नाही. सगळीच वाचतील असं मात्र नाही. डेबियननं ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, देणं बंद केलं. माझं मशिन ६४-बिट आहे, म्हणून ते अलीकडच्या काठावर राहिलं.

'हलका डेस्कटॉप' या प्रकाराबद्दल मात्र थोडी खरी गोष्ट सांगायला हवी, कारण स्क्रीनशॉट टाकणारे ती सांगत नाहीत. ओपनबॉक्स, टास्कबार, वॉलपेपर, नेटवर्कची खूण, एवढं सगळं चालू असताना माझ्याकडे तीनशे एमबीच्या आसपास रॅम जाते. छाती फुगवून सांगावं असा आकडा आहे. मग ब्राउझर उघडा, त्यात ईमेल उघडा, शेजारच्या टॅबमध्ये बँकेची साइट. झालं, आकड्याची हवा गेली. आजच्या काळात जड असतं ते वेब, डेस्कटॉप नव्हे. दोनशे एमबी वाचवायला रात्र घालवणाऱ्यानं एक टॅब बंद केली असती तरी चाललं असतं. झेडरॅम चालू करा, म्हणजे रॅमचाच एक भाग दाबून भरलेल्या स्वॅपसारखा, म्हणजे रॅम भरल्यावर लागणाऱ्या जादा जागेसारखा, वापरला जातो. जुन्या मशिनवर त्यानं जितका फरक पडतो तितका थीम बदलून पडत नाही.

तरीही मी हलक्याच्या बाजूचा आहे. कारण वेगळं आहे. हलक्या डेस्कटॉपवर आपोआप काही होत नाही. पंखा अचानक घरघरायला लागला तर कोण घरघरवतंय ते शोधायला संशयित मोजकेच असतात. प्रत्येक गोष्ट कुणीतरी कुठल्यातरी फायलीत लिहिली म्हणून चालू आहे, आणि ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडते.

पर्याय भरपूर होते. एक्सएफसीई हा तयार डेस्कटॉप घेतला असता तर निम्मी मेहनत वाचली असती. ऑलिव्हिए फूर्दां यानं तो १९९६मध्ये सुरू केला तेव्हा तो एक्सफॉर्म्स या लायब्ररीवर, म्हणजे खिडक्या-बटणं काढायच्या तयार कोडवर, होता. ती पुरती मुक्त नव्हती, म्हणून रेड हॅट या लिनक्स कंपनीनं त्याला आपल्या संचात घेतलं नाही. मग त्यानं सगळं जीटीके या मुक्त लायब्ररीवर नव्यानं लिहिलं. परवान्याच्या एका अटीपायी अख्खा डेस्कटॉप परत लिहिला गेला, हे परवान्यांना कंटाळवाणा विषय मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तैवानच्या हाँग जेन यी यांनी २००६मध्ये सुरू केलेला एलएक्सडीई होता. आइसडब्ल्यूएम होता, जेडब्ल्यूएम होता, सगळे भले. एक्सएफसीई आजही मी दुसऱ्यांना डोळे झाकून सुचवतो. स्वतःसाठी ओपनबॉक्स घेतला, कारण त्यात सोडवायला गाठी जास्त होत्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं.

ओपनबॉक्स पहिल्यांदा सुरू केलं की समोर रिकामा करडा पडदा येतो. टास्कबार नाही, आयकॉन नाही, घड्याळ नाही. नवखा माणूस समजतो की काहीतरी अडकलं. माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माउस इकडून तिकडे फिरवून म्हणाला,

"मामा, स्टार्टचं बटण कुठंय रे?"

"नाहीये."

"मग सुरू कुठून करायचं?"

"राइट क्लिक कर. कुठेही कर."

केलं. मेन्यू आला. त्याला ते इतकं आवडलं की बराच वेळ तो नुसतं राइट क्लिक करून एस्केप दाबत बसला.

हे राइट क्लिकचं खानदान जुनं आहे. ब्रॅड ह्यूजनं १९९७च्या सुमारास ब्लॅकबॉक्स लिहिला. त्यातून फ्लक्सबॉक्स निघाला, ओपनबॉक्स निघाला. ओपनबॉक्स पुढे तिसऱ्या आवृत्तीत नव्यानं लिहिला गेला, पण चेहरामोहरा तोच राहिला. त्यावर फिलिप न्यूबरो या इंग्लंडमधल्या माणसानं क्रंचबँग नावाचं वितरण उभं केलं: काळा पडदा, वर बारीक टास्कबार, उजवीकडे मशिनची आकडेवारी दाखवणाऱ्या कॉन्कीचा मजकूर आणि त्यात कीबोर्ड शॉर्टकटांची यादी. तो काळा पडदा पाहून लिनक्सच्या प्रेमात पडलेले लोक आजही भेटतात. फेब्रुवारी २०१५मध्ये न्यूबरोनं ते थांबवलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की मी सुरू केलं तेव्हा असं काही मिळत नव्हतं, आता साधं डेबियन घेतलं तरी लोकांचं भागतं. इतक्या शांतपणे स्वतःचं दुकान बंद करणारा माणूस विरळा. लोक मात्र ऐकेनात. त्याच्या फायली उघड्या होत्या, त्यामुळे वापरणाऱ्यांनी त्या उचलल्या आणि बन्सनलॅब्ज आणि क्रंचबँग प्लसप्लस अशी दोन वितरणं पुढे चालवली.

माझा डेस्कटॉप याच वंशातला. आणि म्हणूनच तो प्रश्न.

ओपनबॉक्सच्या मुख्य फायलीचं नाव आरसी डॉट एक्सएमएल. माउस कसा वागायचा, खिडक्या कुठे उघडायच्या, कुठली कळ दाबली की काय व्हायचं, हे सगळं तिच्यात. मी वर्षानुवर्षं ती एका मशिनवरून दुसऱ्यावर नेत आलो. बाहेर द्यायची ठरली तेव्हा वरपासून वाचायला घेतली, आणि कळांच्या भागात एक ओळ भेटली: विंडोजची कळ आणि 'ई' एकत्र दाबली की केएफएमक्लायंट चालव. नाव म्हणून कॉन्करर लिहिलेलं. कॉन्करर हा केडीई या डेस्कटॉपचा जुना फाइल मॅनेजर आणि ब्राउझर. माझ्या मशिनवर तो कधीच नव्हता. ही ओळ ओपनबॉक्ससोबत येणाऱ्या मूळ नमुना फायलीतली, केडीईच्या तिसऱ्या पिढीच्या काळातली. मग मी इतरांच्या डॉटफाइल्स उघडून पाहिल्या. कॉन्करर आहेच! काळ्या, देखण्या, निऑन रंगांच्या डेस्कटॉपांच्या पोटात, कुणाच्याही लक्षात न येता, तीच ओळ. जुन्या वाड्याच्या भिंतीत एखादी खुंटी असते, तिला काय अडकवायचे ते सांगणारं कुणी उरलेलं नसतं, पण रंग देणारा तिच्याभोवतीनं ब्रश फिरवत राहतो.

मी वजाबाकी सुरू केली. मूळ नमुना फाइल एका बाजूला, माझी दुसऱ्या बाजूला, आणि 'डिफ' नावाची कमांड मध्ये. मूळचं वजा केलं. बन्सनलॅब्जकडून घेतलेलं वजा केलं. कॉन्कीचा रॅमचा आलेख कुणाच्या तरी फायलीतून उतरवला होता, तो गेला. आयकॉन पपायरसचे, ते गेले. थीम दुसऱ्याची, फक्त रंग मी बदललेले. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की सांगणारी छोटी स्क्रिप्ट माझी वाटत होती, पण तिचा सांगाडाही कुठल्याशा विकीवरचाच. असं करत करत जे उरलं ते एका पानावर मावेल एवढं होतं. खिडकी अर्ध्या पडद्यावर डावी-उजवीकडे चिकटवायच्या काही कळा. मोठी केलेली खिडकी बिनचौकटीची ठेवायची, म्हणजे ७६८ पिक्सेलांच्या उंचीत ब्राउझरला थोडी जास्त जागा मिळते, ही सोय. आणि मराठीचं सगळं.

मराठीचं प्रकरण मात्र तब्येतीनं सांगतो, कारण वजाबाकीनंतर टिकलेला ऐवज तोच.

मला पडद्याच्या कोपऱ्यात वार आणि तारीख मराठीत हवी होती. कॉन्कीत लिहिलं. सिस्टिमला वेळेपुरती मराठी लोकॅल, म्हणजे भाषेची सेटिंग, सांगितली. वार आला, पण कसा? 'रविवार' या शब्दातली वेलांटी पहिल्या 'व'ला सोडून दुसऱ्या 'व'वर जाऊन बसलेली. 'शुक्रवार'मधला 'क्र' फुटलेला, 'क'खाली हलंत आणि 'र' वेगळा. 'फेब्रुवारी' तर बघवत नव्हता. फॉन्ट बदलून पाहणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि तो निरुपयोगी, कारण दोष फॉन्टचा नसतोच. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमानं साठवली जातात त्या क्रमानं ती काढता येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनाच्या नंतर येते, काढताना आधी काढावी लागते. जोडाक्षरांसाठी फॉन्टमधली वेगळी आकृती उचलावी लागते. हे काम करणारा मधला एक थर लागतो. लिनक्सवर ते मुख्यतः हार्फबझ करतं आणि बरेच प्रोग्रॅम पँगो या लायब्ररीतून त्याच्यापर्यंत पोचतात. कॉन्की नेहमीच्या पद्धतीनं अक्षरं एक्सएफटी या लायब्ररीतून थेट पडद्यावर उमटवतं. मधला थर नाही. रोमन लिपीला त्यानं काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो. डीमेन्यू या झटपट शोधायच्या पट्टीचीही हीच गत.

म्हणून हलक्या डेस्कटॉपचे भाग निवडताना मी एक चाळणी लावली, जी मला कुठल्याच यादीत सापडली नव्हती: हा प्रोग्रॅम पँगो वापरतो का? ओपनबॉक्स स्वतः वापरतं, म्हणून खिडक्यांची शीर्षकं आणि मेन्यू मराठीत सरळ येतात. टिंट-टू वापरतं. डीमेन्यूसारखंच काम करणारं रोफी वापरतं. डीमेन्यू बाद, रोफी आत. कॉन्कीला फक्त आकडे दाखवायचं काम दिलं आणि तारीख टिंट-टूच्या घड्याळात नेली. 'रविवार' जागेवर आला.

जागेवर आला तो डोकं छाटून आला. तयार मिळणाऱ्या टास्कबारची उंची रोमन अक्षरांच्या मापानं आखलेली असते, वीस-बावीस पिक्सेल. देवनागरीला शिरोरेघेच्या वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि र-कार. 'शुक्रवार'चा उकार खालून कापला, 'कॉ'चा चंद्र वरून. एकीकडे ७६८ पिक्सेलांपैकी एकेक वाचवायचा, आणि दुसरीकडे लिपीच म्हणते मला जागा द्या. द्यावी लागली. पट्टी जाड केली, फॉन्ट एक-मुक्ता घेतला. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा हा खुला फॉन्ट, आणि बारीक आकारातही त्यातल्या मात्रा एकमेकींत मिसळत नाहीत. पट्टी जाड झाली त्याची भरपाई म्हणून ती आपोआप लपते. माउस कडेला नेला की वर येते.

आणि मग 'ल' आणि 'श'. ब्राउझरमध्ये मराठी पानं वाचताना आपल्याला सवय झालेली असते, पण पडद्यावर रोज तोच शब्द दिसायला लागला की खुपतं. माझ्या फाइल मॅनेजरमध्ये 'लेख' नावाचं फोल्डर आहे. त्यातला 'ल' हिंदी वळणाचा दिसायचा, दंडाचा. आपला 'ल' पाकळ्यांचा, आपला 'श' देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही हीच रूपं आहेत. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं पोटात असतात. मजकूर मराठी आहे असं कुणी सांगितलं तर फॉन्ट मराठी रूप काढतो, नाही तर हिंदी. सांगायचं कुणी? माझी सिस्टिम इंग्रजीत चालते, कारण एरर इंग्रजीत आली तर शोधायला सोपी जाते. मग पँगोला देवनागरी दिसली तरी ती कुठल्या भाषेची हे कळायला मार्ग नाही. त्यासाठी पँगोचा स्वतःचा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, पँगो-लँग्वेज. त्यात आधी इंग्रजीचा संकेत आणि मग मराठीचा, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं, बस. लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फायलीत एवढी एक ओळ घातली, आणि 'लेख'चा 'ल' पाकळ्या पसरून बसला. पाकळीच्या 'ल'मुळे कुणाचं काम अडत नाही, हे मला मान्य आहे. पण सगळं मनासारखं असावं म्हणून तर माणूस या भानगडीत पडतो.

टंकलेखनाचं तुलनेनं सोपं होतं. एक्स, म्हणजे लिनक्सवर पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा थर, त्याच्या कीबोर्ड मांडण्यांमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आहे आणि उच्चारानुसारी कगपही आहे. ओपनबॉक्स सुरू होताना चालणाऱ्या फायलीत एक ओळ, आणि ऑल्ट-शिफ्ट दाबून भाषा बदलते. आयबससारखा टंकलेखनाचा वेगळा प्रोग्रॅम चालवायची गरज नाही, तेवढी रॅमही वाचते. रोमनमध्ये टाइप करून देवनागरी उमटवायची सवय असलेल्यांना मात्र आयबस लागेल, आणि त्यांनी तो खुशाल चालवावा. इन्स्क्रिप्ट शिकल्याशिवाय मराठी लिहू नका असा दम देणारे लोक मला आवडत नाहीत.

आता हे सगळं बाहेर मांडायचं. स्वतःपुरती चालणारी फाइल आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची फाइल यांत फार फरक असतो. स्वतःच्या फायलीत आपल्या होम फोल्डरचा पूर्ण पत्ता ठिकठिकाणी लिहिलेला असतो, तो दुसऱ्याच्या मशिनवर अस्तित्वातच नसतो. वायफाय कार्डाचं नाव कॉन्कीत घट्ट बसवलेलं असतं. फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटच्या सेटिंगमध्ये ईमेल असतो, आणि कुठे कुठे टोकन, पासवर्डही. गिट जुनं विसरत नाही. आज फाइल पुसली तरी कालच्या नोंदीत ती असते, म्हणून चाळणं आधी, जाहीर करणं नंतर. फायली एका फोल्डरमध्ये ठेवून जीएनयू स्टो या कमांडनं त्यांचे दुवे जागोजागी जोडले की नव्या मशिनवर मांडायला वेळ लागत नाही, काढून टाकायलाही. ही सगळी झाडलोट आहे, तिच्यावर जास्त बोलायला नको.

परवान्याशी थांबावं लागलं. लोक डॉटफाइल्सना परवानाच लावत नाहीत. कोण विचारतंय, असा भाव. पण परवाना नसेल तर कायद्यानं ती फाइल कुणालाच नीटशी उचलता येत नाही. म्हणजे उघड्यावर मांडलेली, तरी हात लावू नये अशी. माझ्यापुढे पर्याय फारसा नव्हताच. ओपनबॉक्स जीपीएल या मुक्त परवान्याखाली, बन्सनलॅब्जच्या फायली जीपीएलखाली, पपायरसही जीपीएलचंच. त्यांच्यातून जे उतरलं ते बाहेर द्यायचं तर त्याच अटींनी. फॉन्ट मी सोबत दिले नाहीत. त्यांचा परवाना वेगळा, ओएफएल, आणि फॉन्टचं नाव सांगितलं की कुणीही घेऊ शकतो. प्रत्येक फायलीच्या डोक्यावर ती कुठून आली हे लिहिलं. आणि प्रत्येक मराठी ओळीवर, ती का आहे ते. 'टास्कबारची उंची तीसच्या खाली नेलीत तर उकार कापले जातील.' 'ही ओळ काढलीत तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतील.' स्वतःसाठी मी अशा टिपा कधी लिहिल्या नसत्या.

मांडलेल्या गोष्टींपैकी लोकांनी काय उचललं, हे बघणं मोठं मनोरंजक असतं. रंगसंगतीवर मी सगळ्यांत जास्त जीव टाकला होता. ती कुणी विचारली नाही, आणि का विचारावी? काळ्यावर मंद निळे असे डेस्कटॉप पैशाला पासरी आहेत. उचलली गेली ती पँगोची चाळणी आणि ती एक ओळ. नेपाळमधल्या कुणीतरी ती घेतली, मराठीच्या संकेताच्या जागी नेपाळीचा घातला आणि मला कळवलं की त्यांच्याकडे अंकांच्या आकाराचं प्रकरण आहे, तेही यानं सुटलं. मला हे ठाऊकच नव्हतं. मराठी वळणाचे अंक आणि नेपाळी वळणाचे अंक वेगळे, हे मी कधी डोळे उघडून पाहिलं नव्हतं. आता माझ्या फायलीत त्या ओळीवर नेपाळीसाठीही टीप आहे, आणि ती टीप माझी नाही. म्हणजे वजाबाकीतून उरलेल्या त्या पानातही हिश्शेदार आले. मला त्याचा आनंदच आहे.

अडचण पुढची आहे. ओपनबॉक्सची शेवटची आवृत्ती, ३.६.१, आली २०१५मध्ये. तेव्हापासून नवं काही नाही. डेबियनमध्ये ते चालतं, अजून काही वर्षं चालेल, पण ज्या एक्सवर ते उभं आहे तीच जमीन सगळेजण सोडून वेलँड या नव्या व्यवस्थेकडे निघाले आहेत. ओपनबॉक्स तिकडे येणार नाही. पण लॅबडब्ल्यूसी नावाचा वारसदार आला आहे. तो ओपनबॉक्सच्या वळणाची आरसी डॉट एक्सएमएल वाचतो, मेन्यूची फाइल वाचतो, थीमही बऱ्यापैकी वाचतो. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकासाठीच्या रास्पबेरी पाय ओएसनं २०२४मध्ये तोच स्वीकारला. मी एका जुन्या पायवर माझ्या फायली टाकून पाहिल्या. मेन्यू मराठीत उघडला, खिडक्या डावी-उजवीकडे चिकटल्या. टिंट-टू मात्र एक्सचं आहे. त्याच्या जागी दुसरी पट्टी बसवावी लागली, तिथं उंचीचा खेळ पुन्हा पहिल्यापासून. कीबोर्डची मांडणी सांगायची जागाही बदलली. बाकी पँगोची ती ओळ होती तिथंच राहिली, तिला एक्सशी देणंघेणं नव्हतं.

भाच्यानं माझ्या फायली त्याच्या बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर टाकल्या. मी काही सांगायला गेलो नाही, टिपा होत्या. पंधरा दिवसांनी त्यानं स्वतःची प्रत जाहीर केली. त्यात कॉन्की नाही, कारण "मामा, रॅम किती ते बघून मी काय करू?" वॉलपेपर रायगडाचा. माझ्या अर्ध्या-पडद्याच्या कळा काढून त्यानं पडद्याचे चार भाग करणाऱ्या बसवल्या, त्या माझ्यापेक्षा सरस आहेत आणि मी त्या परत माझ्याकडे घेतल्या. परवाना तोच ठेवला, प्रत्येक फायलीच्या डोक्यावरच्या नावांच्या यादीत माझ्याखाली स्वतःचं नाव जोडलं. मेन्यूतल्या शेवटच्या ओळीला मी सभ्यपणे 'संगणक बंद करा' म्हटलं होतं. त्याच्याकडे तिथं 'आता झोप' असं आहे, आणि त्याची आई म्हणते हे एवढं मात्र बरं केलंस.